डिकीतल्या सीडी चेंजरास, स. न. वि. वि.

चाळीसगाव,
मे महिन्यातली एक भर दुपार

प्रिय चेंजर,

पत्रास कारण की, गाडी पुन्हा पासिंगला लावायची आहे. १९९६ ची एस्टीम, नंबर एमएच-१९. गावाला आता स्वतःचा एमएच-५२ मिळाला, तरी आपण जळगावच्या जुन्याच नंबरावर फिरतोय. त्या तयारीत काल मिस्त्रींनी डिकी रिकामी केली. स्टेपनी काढली, जॅक काढला, गालिचा झटकला. मग तुझ्या पाठीवर टिचकी मारून म्हणाले, "हे डबडं काढून टाकू का भाऊ? तेवढीच एक पिशवी जास्त मावेल."

मी म्हटलं, उद्या सांगतो. रात्री झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही, छान लागली. पण सकाळी उठल्यावरही उत्तर सापडेना. म्हणून हे पत्र. ते पाकिटात न घालता उघडं ठेवतोय, कारण जुन्या गाड्यांच्या डिक्यांमध्ये तुझे भाऊबंद अजून पडून असतील आणि त्यांच्या मालकांनाही कुणीतरी हाच प्रश्न विचारत असेल.

तू कोण, हे आता लोकांना सांगावं लागतं. माझ्या पुतण्याने तुला बॅटरीचा चार्जर समजून हात लावला होता. तर मंडळी, हा काळा पत्र्याचा डबा, आडव्या ठेवलेल्या जाडजूड शब्दकोशाएवढा. पुढे सरकतं झाकण. आत एक मॅगझिन, म्हणजे सहा पातळ ताटल्यांची उतरंड, प्रत्येक ताटलीत एक सीडी. पुढे बसलेल्याने स्टिरिओचं बटण दाबलं की मागे डिकीत हा सांगितलेली ताटली ओढून घ्यायचा, सीडी चकतीवर बसवायचा आणि वाजवायचा. हुकूम पुढे, कष्ट मागे. माझ्या आजीने पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा ती मान वळवून मागच्या काचेकडे बघत राहिली. म्हणाली, "गानं आठे वाजी ऱ्हायनं, आन् पेटी मांगे?" तुझं इतकं नेमकं वर्णन कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हतं.

पेटी मागेच का, याला कारण होतं. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, पायोनियरने गाडीत बसणारा सीडी प्लेयर काढला. पण गाडीत एका सीडीने भागत नाही. चालत्या गाडीत एक काढून दुसरी घालायची म्हणजे एक हात स्टिअरिंगवरून सुटला आणि नजर रस्त्यावरून. डॅशबोर्डमधला स्टिरिओचा चौकोन तर साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. त्यात आधीच कॅसेटचं यंत्र आणि रेडिओ दाटीवाटीने बसलेले. बारा सेंटिमीटरच्या सहा चकत्या आणि त्यांना उचलणारे हात तिथे राहणार कुठे? म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तुझी जात जन्माला आली आणि तिला घर मिळालं ते डिकीत, नाहीतर सीटखाली.

मला मात्र तुझ्यापेक्षा तुझ्या जागेबद्दल जास्त बोलायचं आहे.

आमच्या गाडीतला कॅसेट डेक आधीच्या मालकाने बसवलेला. गाडी आम्ही २००१ मध्ये घेतली तेव्हा आमच्या आबांनी तो उगाचच बाहेर काढून पाहिला. त्यांना कुठल्याही वस्तूची पाठ बघायची सवय. गाय घेतानाही ते आधी मागून बघायचे. डेकच्या पाठीवर बाकीच्या वायरींपासून दूर एक गोल सॉकेट होतं, रबरी टोपी घातलेलं. त्यात काहीच लावलेलं नव्हतं. आबांनी विचारलं, "हे कुणासाठी ठेवलंय?" मलाही सांगता आलं नाही.

ते तुझ्यासाठी ठेवलं होतं. डेक बनवणाऱ्या माणसाला आमचं नाव-गाव ठाऊक नव्हतं. आम्ही कधी चेंजर घेऊ की नाही, हेही नाही. तरी त्याने एक जागा सोडली. आपल्याकडे धाब्याचं घर बांधताना भिंतीत कोनाडा सोडतात तशी. त्यात दिवा ठेवायचा, देव ठेवायचा की आजोबांची तपकिरीची डबी, हे गवंडी ठरवत नाही. तो फक्त भिंत तेवढीच मागे सारतो.

या गावाला तशी जागा राखून ठेवण्याची रीत परकी नाही. स्टेशनजवळच्या घरात कलामहर्षी केकी मूस राहायचे. टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या, त्यावर हवा तसा प्रकाश पाडायचा आणि कॅमेऱ्यातून त्यांचे डोंगर, वाळवंटं करून दाखवायची, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी जगभर गाजली. स्वतः मात्र आयुष्याचा बहुतेक काळ त्या घराबाहेर पडले नाहीत. मुंबईला निरोप घेतलेली मैत्रीण पंजाब मेलने येईल म्हणून रात्री त्या गाडीच्या वेळेला ते दार उघडायचे आणि दोघांचं जेवण मांडायचे, असं गाव अजून सांगतं. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. गोष्टीत गावाने किती तिखट-मीठ लावलं, हे सोडून देऊ. आम्हा चाळीसगावकरांच्या लक्षात राहिलंय ते मांडलेलं दुसरं ताट. डेकच्या पाठीवरचं ते सॉकेट मला त्याच जातीचं वाटतं.

फरक इतकाच की आमच्याकडे पाहुणा आला. २००३ मध्ये मी मुंबईला एका कामासाठी गेलो होतो, तिथे लॅमिंग्टन रोडवर तू दिसलास. सेकंडहँड, खरचटलेला, पण मॅगझिन आणि वायरसकट. वायर महत्त्वाची. तुमच्या प्रत्येक कंपनीची बोली वेगळी: सोनीची युनिलिंक, पायोनियरची आयपी-बस, अल्पाइनची एआय-नेट. एकीचा चेंजर दुसरीच्या डेकला चालायचा नाही. रोटीबेटीचा व्यवहारच नव्हता. मी डेकच्या पाठीचं चित्र कागदावर काढून नेलं होतं. सॉकेटला किती टाचण्या, खाच कुठे, सगळं. दुकानदाराने चित्र पाहिलं, तुझी वायर पाहिली आणि म्हणाला, घेऊन जा. तुला मांडीवर घेऊन मी रात्रीच्या गाडीने आलो.

भडगाव रोडवरच्या उस्तादांनी तुला बसवलं, त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की गाडीत गाणं म्हणजे निम्मं गालिच्याखालचं काम असतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. दोन वाकड्या किल्ल्या सारून डेक बाहेर ओढला. मग पाच मीटरची वायर डॅशबोर्डमागून, दरवाजाखालच्या पट्टीतून, मागच्या सीटखालून डिकीपर्यंत नेली. बॅटरीची जाड वायर ज्या अंगाने जाते ते अंग सोडून, दुसऱ्या अंगाने. "साथ में डाली तो गाने में इंजिन बोलेगा," उस्ताद म्हणाले. तुझ्या दोन्ही बाजूंच्या खुणा फिरवून आतल्या स्प्रिंगा 'आडवा' या खुणेवर आणल्या. उभं किंवा तिरकं बसवायचं असतं तर खूण वेगळी. शेवटी तुझ्या अंगातले दोन स्क्रू काढले. प्रवासात आतलं यंत्र हलू नये म्हणून कारखान्यातून ते आवळून पाठवतात. बसवताना ते काढले नाहीत तर स्प्रिंगा जखडलेल्याच राहतात आणि प्रत्येक खड्ड्याला गाणं अडखळतं. उस्तादांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. "संभाल के रखना."

इतकं सांभाळूनही इंजिन बोललंच. गाडी सुरू केली, तू पहिली ताटली ओढलीस, सूर लागला आणि त्याच्यामागून एक बारीक कुईं. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढायची. अल्टरनेटरचा आवाज. डेकचं अर्थिंग एकीकडे, तुझं दुसरीकडे. दोन ठिकाणच्या पत्र्यांच्या व्होल्टेजमध्ये जो किंचितसा फरक असतो, तो तुझ्या वायरीतून वाट काढून स्पीकरमध्ये येत होता. उस्तादांनी डेकमागचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, जाड वायरीने अर्थिंग पक्कं केलं. कुईं गेली. आबा समाधानाने म्हणाले, "बघ, दोघांचे पाय एकाच जमिनीवर पाहिजेत." हे वाक्य ते पुढे लग्नं जुळवतानाही वापरायचे.

शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीतल्या टेपला असं सॉकेटच नव्हतं. त्यांच्यासाठी उस्तादांनी एफएम मॉड्युलेटर लावला. अँटेना आणि रेडिओ यांच्या मध्ये जोडायची एक डबी. चेंजरचं गाणं ती एफएमच्या पट्टीवर, ८८.३ सारख्या एखाद्या ठिकाणी सोडते आणि रेडिओला वाटतं, एक नवी वाहिनी सुरू झाली. मोठ्या शहरांत त्या पट्टीवर तेव्हा खासगी वाहिन्यांची गर्दी होऊ लागली होती. खान्देशात त्या अजून यायच्या होत्या. पट्टी जवळजवळ ओस पडलेली, त्यामुळे डॉक्टरांची वाहिनी विनाअडथळा चालायची. एकच गाडी, एकच श्रोता. आवाज तुझ्याइतका खुला नव्हता, पण त्यांची तक्रार नव्हती. ज्या भिंतीत कोनाडा नसतो तिथे माणसं खुंटी मारतात.

आता तुझ्या सहा घरांबद्दल.

एका सीडीत ७४ मिनिटं धरली, तर सहांत ४४४ मिनिटं. सात तास चोवीस मिनिटं. चाळीसगावहून मालेगाव, नाशिक, कसारा करत मुंबई गाठायला आम्हाला जवळपास तेवढाच वेळ लागायचा. एका सीडीवरची सर्पिल वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. सहा मिळून तीस. म्हणजे आम्ही गाडी अंगणात उभी ठेवून गाणी ऐकली तरी तुझा लेझर धुळ्याची निम्मी वाट चालून आलेला असायचा. आणि वाट तरी केवढी? एका फेऱ्यापासून दुसरा फेरा १.६ मायक्रॉनवर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसेक वाटा मावतात. चाळीसगावच्या माणसाने या आकड्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. ती वाट सोडायची नाही, चकती आत मिनिटाला पाचशे फेऱ्यांपासून बाहेर दोनशेपर्यंत मंदावत न्यायची, आणि हे सगळं आमच्या कापसाच्या गाड्यांनी खणलेल्या रस्त्यावर! तू कधी अडखळलास त्याचं मला नवल वाटलं नाही. इतका कमी का अडखळतोस, याचंच वाटायचं.

सहा घरं आणि पाच माणसं. प्रवासाच्या आदल्या रात्री जेवणं झाली की मॅगझिन पाटावर ठेवलं जायचं. पहिलं घर आबांचं, पंडित भीमसेन जोशींचं, त्यावर चर्चा नाही. दुसरं आईचं, भावगीतांचं. तिसरं बहिणीचं, त्या वर्षीचं जे काही वाजत असेल ते. चौथं माझं, आर. डी. बर्मन. पाचवं आजीचं: कानबाई देवीची गाणी. ती बाजारात सीडीवर मिळायची नाहीत. नात्यातल्या बायकांनी श्रावणात रात्र जागवताना म्हटलेली, कुणीतरी कॅसेटवर भरलेली. मी ती कॉम्प्युटरवर घेऊन कोऱ्या सीडीवर उतरवली. घाईने भरलेली सीडी तू ओकायचास. कोऱ्या सीडीची चकाकी छापील सीडीपेक्षा कमी, तुझ्या जुन्या डोळ्यांना ती नीट दिसायची नाही. सावकाश भरली तर मुकाट्याने वाजवायचास. आजीचं म्हणणं, कानबाईच्या कामात घाई चालतच नाही.

सहावं घर आबा रिकामं ठेवायचे. "वाटेत कुणी भेटलं तर?" त्यांचा हा प्रश्न बहीण आणि मी हसण्यावारी न्यायचो. सीडी खिशात घेऊन रस्त्यावर कोण उभं राहणार? पण एकदा नाशिकला आत्याचा मुलगा चढला आणि त्याने पिशवीतून कव्वालीची सीडी काढली. आबांनी मागे वळून आमच्याकडे नुसतं पाहिलं.

त्या रिकाम्या घराने आम्हाला आणखी एक दिलं, ते मला फार उशिरा कळलं. पाचवी सीडी संपली की तू सहाव्या घरात जायचास. कर्र, खट्. ताटली ओढायचास, चकती शोधायचास, सापडायची नाही. ताटली परत लोटायचास, खट्, कर्र, आणि पहिल्या घरी यायचास. दहा-पंधरा सेकंद गाडीत काही वाजत नसे. त्या सेकंदांत बोलणं निघायचं. "पाणी दे गं." "हा कोणता डॅम?" "तुझ्या त्या नोकरीचं काय झालं?" गाणी चालू असताना न विचारलेले प्रश्न तेव्हा विचारले जायचे आणि पुढचं गाणं सुरू झालं तरी उत्तरं लांबत राहायची. बहिणीने तिचं लग्न ठरवल्याचं आम्हाला इगतपुरीच्या अलीकडे सांगितलं, तू सहाव्या घरात चाचपडत असताना. आबांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं.

तुझ्यावर संकट आणलं ते मीच. आजीच्या सीडीवर मी हौसेने कागदी लेबल चिकटवलं, कानबाईचं चित्र छापून. २००६ चा मे. तेव्हाच्या औरंगाबादला निघालो होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल, ते तुलाच ठाऊक. कन्नडच्या घाटात चढण लागली आणि तुझा कर्र-खट् थांबेचना. गोंद पातळ होऊन लेबलाचा काठ सुटला होता, सीडी ताटलीत परत जाईना. उस्तादांनी तुला उघडून, चिमट्याने, सुईणीच्या हाताने ती बाहेर काढली. सीडी वाचली, लेबल गेलं. त्यांनी मला सुनावलं ते असं: सीडीवर कागद चिकटवायचा नाही, मॅगझिन उन्हात डिकीत ठेवायचं नाही, आणि काळ्या मातीची धूळ लेन्सवर बसते तेव्हा ब्रशवाली सीडी फिरवायची, बोट घालायचं नाही. जुन्या गाडीत तुला बसवू पाहणाऱ्या कुणालाही मी आज हेच सांगेन. आणि ते दोन स्क्रू.

मग सीड्या बाजारातून उठल्या. २०१६ मध्ये मी तुझी वायर सॉकेटमधून काढली आणि तिथे काड्यापेटीएवढी डबी लावली. तिच्यात पेन ड्राइव्ह बसतो. मात्र डेकला पेन ड्राइव्ह कळत नाही. त्याला एकच प्रश्न विचारता येतो: चेंजर, आहेस का? डबी तुझ्या बोलीत उत्तर देते: आहे, सहा सीड्या भरल्यात, पहिलीचं पहिलं गाणं लावतोय. पेन ड्राइव्हवर सहा फोल्डर करायचे, ती म्हणजे सहा घरं. समोर अजूनही 'सीडी १' असंच उमटतं. सातबाऱ्यावर नाव तुझं, वहिवाट त्या डबीची. तू मागे डिकीत, कानावर आपलंच नाव पडत असताना गप्प.

मला यात फसवणूक वाटत नाही. उलट, तुझ्या नावाने मागितलं म्हणूनच त्या जुन्या डेकने नव्याला दार उघडलं. नाहीतर तो केव्हाच भंगारात गेला असता. कुणा अनोळखी माणसाने सोडलेलं एक रिकामं सॉकेट. त्यावर आधी तू जगलास, आता डबी जगते आहे. गाडी तीस वर्षांची होत आली, तरी तिच्यात नव्याला बसायला जागा निघते ती त्याच्यामुळे.

फक्त एक जमलं नाही. सहावा फोल्डर मी रिकामा ठेवून पाहिला. डबी तिकडे फिरकतच नाही. पाचव्यातलं गाणं संपलं, पहिल्यातलं सुरू. पापणी लवायलाही वेळ नाही. आबा आणि आजी आता नाहीत. गेल्या दिवाळीत बहीण आणि मी नाशिकपर्यंत गेलो, एकही गाणं अडलं नाही, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तिच्या आजारपणाबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

तर मिस्त्रींना आज उत्तर दिलं. डबडं राहू द्या, पिशवी मांडीवर घेऊ. सॉकेट एकच, म्हणून डबी काढून तिथे पुन्हा तुझी वायर. रविवारी ते ती लावून बघणार आहेत. इतक्या वर्षांनी तुझी मोटर फिरेल का, रबरं तग धरून असतील का, त्यांनाही शंका आहे. मॅगझिन मी पुसून ठेवलंय. पाच सीड्या भरल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
पुढच्या सीटवरचा

ता. क. पासिंगची कागदपत्रं शोधताना पुढच्या कप्प्यात आबांची सुपारीची डबी सापडली. आत तुझे ते दोन स्क्रू. आबांनी वीस वर्षं सांभाळले होते. ते परत लावतात ते चेंजरला दुसरीकडे पाठवायचं असेल तेव्हाच. डबी बंद करून होती तिथे ठेवली.